वजन उतरले, पण श्वासाचे काय?

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड हे औषध ‘मौंजारो’ या नावाने भारतात दाखल झाले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये सेमाग्लुटाइड ‘वेगोव्ही’ या नावाने आले आणि मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत संपल्यामुळे स्वस्त देशी पर्यायांची वाट मोकळी झाली. वजन घटविणाऱ्या या इंजेक्शनांविषयीच्या बातम्यांना जोडून एक वाक्य हल्ली वारंवार वाचनात येते : ‘यामुळे स्लीप ॲप्नियाही बरा होतो.’ हे वाक्य निराधार नाही. मात्र ते अपुरे आहे, आणि त्याचा उरलेला भाग न सांगितल्यामुळे काय घडू शकते हे मी दिल्लीत अगदी जवळून पाहिले आहे.

नोएडात राहणारे माझे एक ज्येष्ठ स्नेही केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालेले आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांना तीव्र स्लीप ॲप्नियाचे निदान झाले होते आणि तेव्हापासून ते रोज रात्री सीपॅप यंत्राचा मास्क लावून झोपत. पुढे औषध, आहार आणि चालणे यांच्या जोरावर त्यांनी सव्वा वर्षात १०८ किलोंवरून ८६ किलोंपर्यंत मजल मारली. मधुमेह आटोक्यात आला, गुडघे हलके झाले, घोरणेही थांबले. वहिनी म्हणाल्या, “आता कशाला ते यंत्र?” यंत्र माळ्यावर गेले. तीन-चार महिन्यांनी रक्तदाब पुन्हा वर सरकू लागला, दुपारी पेंग येऊ लागली, आणि एके दिवशी नोएडाच्या सिग्नलवर गाडी थांबवली असता त्यांचा डोळा लागला. मागच्या गाडीच्या भोंग्याने ते जागे झाले. सिग्नल होता म्हणून निभावले. तेच यमुना एक्स्प्रेसवेवर घडले असते तर हा लेख लिहिण्याचे धैर्य मला झाले नसते.

पुन्हा स्लीप स्टडी केली तेव्हा आजार निम्म्याहून कमी झालेला, पण मध्यम तीव्रतेचा अजून शिल्लक असल्याचे आढळले. घोरणे गेले होते, श्वास अडकणे गेले नव्हते. या सव्वा वर्षात ते ज्या ज्या डॉक्टरांकडे गेले, त्यांतील प्रत्येकाने त्यांचे वजन घटल्याबद्दल अभिनंदन केले. ‘यंत्राचे काय केलेत?’ असे एकानेही विचारले नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : लक्षणीय वजन घटल्यावर स्लीप ॲप्नियाचा उपचार आपोआप संपत नाही, तो नव्याने ठरवावा लागतो. आणि हे नव्याने ठरविणे आपल्या आरोग्यव्यवस्थेत आज कोणाचेही निश्चित काम नाही.

मुळात हा आजार काय आहे, ते पाहू. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा श्वासमार्ग त्या वेळी इतका आकसतो, की हवा जाणेच बंद होते. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, श्वास पुन्हा सुरू होतो आणि हेच रात्रभर चालते. रुग्णाला यातले बहुधा काहीच आठवत नाही. दर तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा मंदावला, या आकड्याला एएचआय म्हणतात. तो ५ ते १५ असल्यास आजार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम आणि ३० च्या वर असल्यास तीव्र मानला जातो. सीपॅप यंत्र मास्कवाटे हवेचा सततचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवते. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय प्रथम प्रसिद्ध केला. जवळपास साडेचार दशके तोच या आजाराचा मुख्य आधार राहिला आहे.

हा आजार आपल्याकडे दुर्मीळ नाही. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांपैकी ७.५ टक्क्यांना लक्षणांसह हा विकार आढळला होता. दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी २०२३ मध्ये भारतातील उपलब्ध अभ्यास एकत्र करून मांडलेला अंदाज असा, की देशातील सुमारे १० कोटी ४० लाख लोकांना हा विकार असावा आणि त्यांपैकी ४ कोटी ७० लाखांत तो मध्यम वा तीव्र असावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत दिल्लीतील सुमारे ४१ टक्के स्त्रिया आणि ३८ टक्के पुरुष अतिवजनी वा स्थूल आढळले होते. वजन घटविण्याची औषधे आणि स्लीप ॲप्नियाचे रुग्ण या शहरात एकमेकांना मोठ्या संख्येने भेटणार, हे उघड आहे.

वजनाचा या आजाराशी संबंध निर्विवाद आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील दीर्घ अभ्यासाने २००० मध्ये दाखवून दिले, की वजन १० टक्क्यांनी घटल्यास एएचआय सरासरी २६ टक्क्यांनी घटण्याची अपेक्षा असते आणि वजन १० टक्क्यांनी वाढल्यास तो ३२ टक्क्यांनी वाढतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये एमआरआय प्रतिमांच्या साहाय्याने एक कारणही दाखविले : चरबी जिभेतही साठते, आणि वजन घटल्यावर जिभेतील चरबी जितकी कमी होते तितका श्वासमार्ग मोकळा होतो.

मग यंत्र सोडून का देऊ नये? ज्या चाचणीच्या आधारे हा दावा केला जातो, त्या ‘सरमाउंट-ओएसए’ चाचणीचे निष्कर्षच पाहू. ते जून २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांच्या आधारे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये स्थूल प्रौढांतील मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्नियासाठी टिर्झेपटाइडला मान्यता दिली. ४६९ रुग्ण, ५२ आठवडे. प्रारंभीचा सरासरी एएचआय पन्नासच्या आसपास होता. औषध घेणाऱ्यांत तो २५ ते २९ ने घटला, तर निष्क्रिय औषध घेणाऱ्यांत केवळ ५ ने. यश मोठे आहे, यात शंका नाही. परंतु वजाबाकी करून पाहा. पन्नासातून २५ वा २९ गेले, तरी उरलेला आकडा मध्यम तीव्रतेचाच आहे. आजार पूर्ण शमला, किंवा सौम्य होऊन लक्षणे उरली नाहीत, अशी स्थिती सर्वाधिक मात्रा घेणाऱ्यांपैकी ४२ ते ५० टक्के जणांत आली. म्हणजे निम्म्यांना किंवा त्याहून अधिक जणांना उपचारांची गरज उरलीच. आपण कोणत्या निम्म्यात आहोत, हे वजनकाटा सांगू शकत नाही.

आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. हे निष्कर्ष टिर्झेपटाइडचे आहेत. सेमाग्लुटाइडच्या स्वस्त पर्यायांना ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. दुसरे असे, की त्या चाचणीतील रुग्णांचा सरासरी बॉडी मास इंडेक्स ३९ होता. आशियाई लोकांत तुलनेने कमी वजनावरही हा आजार दिसतो, कारण जबड्याची व चेहऱ्याची ठेवण त्यात मोठा भाग घेते. ज्याच्या आजाराचे मूळ मागे सरलेल्या जबड्यात आहे, त्याचे पोट उतरल्याने जबडा पुढे येणार नाही.

आता सर्वांत फसव्या आकड्याकडे वळू. आजची यंत्रे सकाळी मोबाइलवर अहवाल पाठवतात. त्यात एएचआय २ वा ३ दिसला, की रुग्णाला वाटते, ‘मी बरा झालो.’ पण तो आकडा यंत्र लावलेले असतानाचा आहे. चष्मा घालून अक्षरे स्पष्ट दिसली म्हणून नजर सुधारली असे आपण म्हणत नाही. सरमाउंट-ओएसए चाचणीत सीपॅप वापरणाऱ्या गटाला झोपेच्या तपासणीपूर्वी सात दिवस यंत्र बंद ठेवण्यास सांगितले होते, ते याचसाठी. जी काळजी संशोधकांनी घेतली, ती घरी घेतली जात नाही आणि निष्कर्ष मात्र तोच काढला जातो.

याची दुसरी बाजूही तितकीच दुर्लक्षित आहे. काहीजण यंत्र सोडत नाहीत, पण वीस-पंचवीस किलो उतरल्यावरही जुन्याच दाबावर झोपत राहतात. जो दाब पूर्वी श्वासमार्ग उघडण्यास आवश्यक होता, तो आता अधिक ठरतो. हवा पोटात जाते, सकाळी पोट फुगलेले असते, तोंड कोरडे पडते, झोपमोड होते. गाल बसल्यामुळे जुना मास्क सैल होतो, कडेने हवा गळते आणि डोळ्यांवर येते. त्यात दिल्लीच्या हिवाळ्यात नाक चोंदलेले असते. वैतागून रुग्ण यंत्र बाजूला ठेवतो आणि ‘मला ते सोसत नाही’ असा समज करून घेतो. वास्तविक त्याला दाब कमी करून घेण्याची आणि लहान मापाच्या मास्कची गरज असते. ‘ऑटो सीपॅप आपोआप जुळवून घेते’ असे सांगितले जाते. ते घेते, पण आखून दिलेल्या किमान-कमाल मर्यादेतच. किमान मर्यादा जुन्या वजनाला धरून वर ठेवलेली असेल, तर यंत्र तिच्या खाली उतरणार नाही.

काय करावे, याविषयी वैद्यकशास्त्रात संदिग्धता नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनी स्पष्ट म्हटले आहे, की शरीराच्या वजनात १० टक्के वा त्याहून अधिक घट झाल्यास पुन्हा झोपेची तपासणी करून यंत्राची गरज आहे का, आणि असल्यास दाब बदलावा का, हे ठरवावे. १०० किलोंच्या माणसासाठी हा टप्पा ९० किलोंवर येतो. तोपर्यंत यंत्र चालू ठेवावे आणि तपासणीपूर्वी ते किती रात्री बंद ठेवायचे हे डॉक्टरांनी सांगावे. त्या रात्रींनंतर गाडी चालविणे टाळावे. तपासणीत आजार खरोखर शमलेला आढळला, तर यंत्राला आनंदाने निरोप द्यावा. मात्र तो निरोपही कायमचा मानू नये. टिर्झेपटाइडच्याच दुसऱ्या एका चाचणीत, ३६ आठवड्यांत सुमारे २१ टक्के वजन घटलेल्या रुग्णांपैकी ज्यांचे औषध थांबविले, त्यांचे वजन पुढील वर्षभरात सरासरी १४ टक्क्यांनी परत वाढले. वजन परतते तेव्हा श्वासरोधही परततो, आणि तो रात्री येत असल्याने त्याची चाहूल लागत नाही.

प्रश्न ज्ञानाचा नाही, जबाबदारीचा आहे. इंजेक्शन लिहून देतो तो मधुमेहतज्ज्ञ, श्वासाचा आजार पाहतो तो छातीविकारतज्ज्ञ वा कान-नाक-घसातज्ज्ञ, आणि यंत्राचा दाब अनेकदा बदलतो तो विक्रेत्याचा तंत्रज्ञ. तिघांच्या नोंदी वेगळ्या आणि रुग्ण त्यांच्यामधला एकमेव निरोप्या. त्यामुळे माझ्या तीन अपेक्षा आहेत. वजन घटविणारे औषध सुरू करतानाच ‘झोपेत मास्क लावता का?’ हा प्रश्न विचारला जावा आणि उत्तर होकारार्थी असल्यास १० टक्क्यांच्या टप्प्यावरील फेरतपासणी त्याच कागदावर लिहिली जावी. सरकारी आरोग्य योजना आणि विमा कंपन्या यांनी यंत्राच्या खर्चाचा विचार करताना या दुसऱ्या तपासणीलाही उपचाराचाच भाग मानावे. आणि विज्ञानविषयक बातम्या लिहिणाऱ्यांनी ‘बरा होतो’ या क्रियापदापूर्वी ‘कितींना’ हे सांगावे.

दुसरी तपासणी म्हणजे पुन्हा खर्च, हा आक्षेप मी हलका लेखत नाही. रुग्णालयात एक रात्र काढून होणारी पूर्ण तपासणी महाग आहे आणि तिच्यासाठी थांबावे लागते. पण अनेक रुग्णांसाठी घरी करता येणारी साधी तपासणी पुरेशी ठरते. कोणाला ती चालेल हे डॉक्टर ठरवू शकतात. महिन्यामागून महिने महागडी इंजेक्शने घेणाऱ्या घराला वर्षातून एकदा होणारी ही तपासणी परवडत नाही, हे मला पटत नाही. तिची कोणी आठवणच करून देत नाही, हे अधिक खरे.

माझ्या स्नेह्यांचे यंत्र माळ्यावरून खाली आले आहे. दाब १३ वरून ८ वर आला, मास्क लहान मापाचा मिळाला, आणि पूर्वी जे यंत्र त्यांना शिक्षा वाटे ते आता जेमतेम जाणवते, असे ते सांगतात. उरलेला श्वासरोध बहुतांशी उताणे झोपल्यावर होतो, हे तपासणीत कळल्यामुळे ते कुशीवर झोपण्याचीही सवय लावून घेत आहेत. त्यांनी घटविलेल्या २२ किलोंचे मोल यामुळे कमी होत नाही. उपचार सोपा झाला, तो त्या किलोंमुळेच.

आपल्या घरात वा ओळखीत कोणी वजन घटवून यंत्र बाजूला ठेवले असेल, तर त्यांचे मनापासून अभिनंदन करा आणि मग एवढेच विचारा : यंत्र बंद केल्यानंतर तपासणी केली होती का? उत्तर ‘नाही’ असेल, तर आज रात्री ते यंत्र पुन्हा उशाशी येऊ द्या, आणि या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या.