बागेतला फेरफटका : सदाफुली



लॉरेन्स आणि लेस्लीच्या कोपऱ्यावरची आपली एडवर्ड्स गार्डन बहुतेकांनी पाहिली असेल. १९५६ साली ती लोकांसाठी खुली झाली. तिकीट नाही, बसने जाता येते. मे अखेरीस तिथले रोडोडेंड्रॉन पाहण्यासारखे असतात, पण आज एका साध्या झाडाविषयी लिहिते.

व्हिक्टोरिया डे झाला, रात्री पाला गोठायची भीती गेली, की माळी वाफ्यांत उन्हाळी रोपं लावतात. त्यांत एकदा गुलाबी-पांढरी फुलं दिसली आणि मी मोठ्याने म्हणाले, "अगो, ही तर आपली सदाफुली!" रेवदंड्याला आमच्या विहिरीच्या कट्ट्याशी ती आपोआप उगवायची. कोणी पाणी घालत नसे, बकरीसुद्धा तोंड लावत नसे.

बकरीला कळतं ते माणसाला कळत नाही. गेल्या महिन्यात एका बाईंचा फोन आला. "सिस्टर, साखरेवर सदाफुलीच्या पानांचा काढा घेऊ का? गावी सगळे घेतात."

जमैकातही लोक साखरेसाठी ह्याच पानांचा चहा पीत. १९५२ साली तिथून २५ पानं पाकिटात घालून कॅनडात डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे आली. (हे तेच नोबल, जे १९२१ साली नाणेफेक हरले आणि इन्सुलिनच्या कामात बेस्ट यांचा नंबर आधी लागला.) त्यांनी ती आपले भाऊ रॉबर्ट यांना लंडनला दिली, म्हणजे आपल्या ऑन्टारिओतल्या लंडनला. उंदरांवर प्रयोग केले तर साखर काही उतरेना, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या! १९५८ मध्ये रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी त्यातून व्हिन्ब्लास्टीन वेगळे काढले. त्याच झाडातून पुढे व्हिन्क्रिस्टीन आले. ल्युकेमियाच्या मुलांना ते देतात.

ते औषध मी कित्येक वर्षे हाताळले. दिसायला पाण्यासारखं. शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते, म्हणून सुई लावताना माझा श्वास थांबायचा. पोरांच्या बोटांना मुंग्या येत, पोट साफ होत नसे, शर्टाची बटणं लागत नसत. एक पाच वर्षांचा मुलगा रोज बटणांवरून भांडायचा, "मीच लावणार." पंधरा मिनिटं लागायची, मी उभी राहायची. तो बरा होऊन घरी गेला. सगळे गेले नाहीत. आज अशा दहांतली नऊ मुलं वाचतात. तेव्हा तसं नव्हतं.

म्हणून त्या बाईंना म्हटलं, जे औषध आम्ही दोघी-दोघी नर्स तपासून, मिलिग्रॅम मोजून देत होतो, ते ज्या पानांतून निघतं ती तुम्ही मूठभर उकळून पिणार? पोटात किती गेलं ते कोण सांगणार? वाचकांपैकी कोणी घेत असेल तर बंद करा आणि डॉक्टरांना सांगा. लाजू नका, त्यांनी याहून अजब गोष्टी ऐकल्या आहेत. माझ्या बोलण्याचा त्या बाईंना राग आला असावा. अजून फोन नाही.

ऑक्टोबरात थंडी पडायला लागली की माळी सगळी रोपं उपटून टाकतात. नाव सदाफुली, पण इथे जेमतेम पाच महिने. मागच्या खेपेला मी एक रोप मागून घेतलं. "जगणार नाही," माळी म्हणाला. खिडकीत, हीटरपासून जरा दूर ठेवलं. निम्मी पानं गळाली, पण हनुक्काला दोन फुलं आली होती.