पेढीची ओळख कोणाच्या फोनमध्ये?

सोलापूरच्या कापड व्यवसायाचे एक वैशिष्ट्य असे की, येथे विणल्या जाणाऱ्या मालाचा फार थोडा भाग गावात खपतो. १८६० मध्ये मुंबईकडून येणारा लोहमार्ग सोलापुरास पोहोचला, १८७७ मध्ये शहरातील पहिली कापडगिरणी, जिला सोलापूरकर ‘जुनी मिल’ म्हणूनच ओळखतात, स्थापन झाली, आणि पुढे गिरण्यांचे भोंगे थांबले तरी पूर्व भागातील घराघरांत व अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत यंत्रमागांचा खडखडाट चालू राहिला. या सर्व काळात माल सोलापूरचा आणि गिऱ्हाईक परगावचे, ही मांडणी काही बदलली नाही. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट स्थळाशी जोडलेले मालाचे नाव इतरांना वापरू न देणारे कायदेशीर संरक्षण, मिळालेले आहे. परंतु हे संरक्षण मालाच्या नावाला आहे, तो माल वर्षानुवर्षे उचलणाऱ्या हैदराबाद, बंगळूर वा नागपूरच्या दुकानदाराशी असलेल्या संबंधाला नाही. तो संबंध कारखानदाराने स्वतःच सांभाळायचा असतो, आणि त्याचे सारे भांडवल म्हणजे एक नाव, एक पत्ता आणि एक दूरध्वनी क्रमांक.

या नावपत्त्यांची नोंद, वर्गवारी आणि वेळोवेळी दुरुस्ती करण्याच्या कामास आजच्या व्यवस्थापनशास्त्रात ‘संपर्क व्यवस्थापन’ म्हणतात व त्यासाठी स्मार्टफोनवर चालणारी अनेक ॲप्स उपलब्ध आहेत. त्यांपैकी कोणते चांगले, याची चर्चा चाटी गल्लीपासून बाजार समितीपर्यंत सर्वत्र होते. मात्र त्याआधीचा प्रश्न, म्हणजे ही नोंद नक्की कोणाच्या मालकीची, हा सहसा कोणी विचारत नाही. आणि पूर्वीच्या पेढ्यांनी तो न विचारताच सोडवलेला होता.

जुन्या पेढीवर दोन मुख्य वह्या असत: व्यवहार तारीखवार टिपणारी कीर्द आणि त्याच नोंदी गिऱ्हाइकवार मांडणारी खतावणी. खतावणीतील प्रत्येक खात्याच्या माथ्यावर गिऱ्हाइकाचे नाव, गाव आणि बहुधा ज्याच्यामार्फत तो आला त्या दलालाचे नाव लिहिलेले असे. म्हणजेच पत्ता आणि हिशेब एकाच पानावर नांदत होते, आणि ते पान दिवाणजीच्या हातचे असले तरी पेढी सोडून जात नव्हते. दुसरी गोष्ट अशी की, दिवाळी पाडव्याला नवी वही उघडताना ज्यांच्याकडे येणे बाकी आहे वा ज्यांच्याशी व्यवहार चालू आहे, तेवढीच खाती नव्या वहीत ओढली जात आणि उरलेली मागे राहत. आज ज्याला संपर्कयादीची ‘साफसफाई’ म्हणून शिकवले जाते, ते काम त्या प्रथेत वर्षातून एकदा, पूजेच्या निमित्ताने का होईना, आपोआप उरकत असे.

फोनमधील यादीला पाडवा नसतो. तिच्यात फक्त भर पडते. सोलापुरातील एखाद्या टॉवेल कारखानदाराच्या फोनमध्ये ‘राजू टॉवेल हैदराबाद’, ‘राजू टॉवेल नवीन’, ‘हैदराबाद पार्टी २’ आणि ‘राजू भाऊ उचलू नये’ अशा चार नोंदी एकाखाली एक आढळाव्यात, यात नवल काही नाही. वरवर हा अजागळपणा वाटतो. वस्तुतः पहिल्या नोंदीत व्यक्ती, माल आणि गाव या तिन्ही आवश्यक बाबी आलेल्या आहेत आणि ती रचणाऱ्याची समज पक्की आहे. अडचण एवढीच की, या तीन बाबी एकाच रकान्यात कोंबल्या गेल्याने ‘हैदराबादचे सर्व गिऱ्हाईक दाखव’ किंवा ‘फक्त टॉवेल घेणारे दाखव’ अशी मागणी फोनकडे नीट करता येत नाही, आणि चौथ्या नोंदीतला राग कशाबद्दलचा होता, हे वर्षभराने खुद्द लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. फोनच्या साध्या संपर्कयादीतसुद्धा आडनाव, संस्था, पत्ता आणि टिपण असे वेगवेगळे रकाने दिलेले असतात. ते रिकामे ठेवून नवे ॲप शोधणे हा उलटा प्रवास आहे.

सोलापुरात या अडचणीला भाषेची आणखी एक घडी पडते. येथील व्यापार मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी अशा चार बोलींत चालतो, आणि फोनमधली नोंद मात्र अनेकदा रोमन लिपीत होते. श्रीनिवास हे एकच नाव मुलगा एका स्पेलिंगने लिहितो, वडील दुसऱ्याने आणि दुकानातला मुनीम सरळ देवनागरीत. परिणामी देवनागरीत साठवलेले नाव रोमन अक्षरांनी शोधले असता बहुतेक वेळा हाती लागत नाही आणि मग त्याच माणसाची तिसरी नोंद तयार होते. नावावर भिस्त ठेवण्याऐवजी ज्याचे रूप बदलत नाही अशा खुणेवर ती ठेवणे, हा यावरचा उपाय आहे, आणि अशी खूण २०१७ पासून प्रत्येक बिलावर छापलेली आहे. वस्तू व सेवा कराचा नोंदणी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो: पहिले दोन अंक राज्याचे, जसे महाराष्ट्राचा २७, कर्नाटकाचा २९, तेलंगणाचा ३६ आणि आंध्र प्रदेशाचा ३७, त्यापुढील दहा अक्षरे म्हणजे त्या गिऱ्हाइकाचा पॅन क्रमांक, आणि उरलेली तीन अक्षरे नोंदणीचा अनुक्रम व पडताळणी यांसाठी. दुकानाची पाटी बदलली, मालकाने दोन राज्यांत दोन दुकाने काढली किंवा नाव चार तऱ्हांनी लिहिले गेले, तरी मधली दहा अक्षरे जुळली की करदाता तोच, हे कळते. भागीदारी मोडून नवी पेढी निघाली तर मात्र ती अक्षरेही बदलतात, आणि जुनी उधारी नेमकी कोणाकडे मागायची, हेही त्यावरूनच ठरते. हा क्रमांक टिपणाच्या रकान्यात लिहून ठेवण्यास कोणतेही विकतचे ॲप लागत नाही.

रकान्यांची ही शिस्त सोलापूरच्या कारागिराला परकी वाटण्याचे कारण नाही. चादरीवरची नक्षी ज्या जॅकार्ड यंत्रणेने विणली जाते, तिच्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर ठरलेल्या जागी छिद्रे पाडलेली असतात आणि छिद्र आहे की नाही यावरून ताण्याचा कोणता धागा उचलायचा हे ठरते. एक छिद्र चुकले तर मोराची मान वाकडी होते. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास सिद्ध झालेली ही छिद्रांकित पट्टीची कल्पना पुढे १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन होलेरिथ याच्या यंत्रांनी माणसांची माहिती मोजण्यासाठी वापरली. छिद्र कोठे पाडायचे हे ज्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्याने गिऱ्हाइकाचे गाव गावाच्या रकान्यात लिहू नये, ही थोडी गमतीची बाब आहे.

आता ॲप्सकडे वळता येईल. त्यांचे वर्णन थोडक्यात पुरे. जानेवारी २०१८ मध्ये आलेले ‘व्हॉट्सॲप बिझनेस’ हे व्यापाऱ्यांत सर्वाधिक रुळलेले असून त्यात गप्पांना रंगीत खूणचिठ्ठ्या लावण्याची सोय आहे: नवे गिऱ्हाईक, नवी मागणी, पैसे बाकी, पैसे मिळाले, मागणी पूर्ण. त्यातील सामूहिक निरोपाची यादी २५६ जणांपुरती असते आणि ज्याने पाठवणाऱ्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवलेला आहे त्यालाच तो निरोप पोहोचतो, ही अट पुष्कळांना माहीत नसल्याने नव्या नमुन्यांची छायाचित्रे ‘सर्वांना पाठवली’ असे समाधान फुकट बाळगले जाते. दुसरा प्रकार उधारीची नोंद ठेवणाऱ्या ॲप्सचा. त्यांत संपर्क आणि येणे पुन्हा एकत्र येतात, म्हणजे खतावणीच नव्या अंगाने परत येते. तिसरा प्रकार भेटपत्र छायाचित्रावरून वाचून नोंद करणाऱ्या ॲप्सचा, ज्यांचा उपयोग गणवेश उत्पादकांच्या प्रदर्शनासारख्या ठिकाणी होतो, कारण तेथे तीन दिवसांत खिसाभर भेटपत्रे जमतात आणि शाळा उघडण्याआधीच्या हंगामात त्यांतील कोणते कोणाचे हे कळेनासे होते. मोठ्या कंपन्या वापरतात त्या ग्राहकसंबंध प्रणालीची, म्हणजे चौकशीपासून वसुलीपर्यंत प्रत्येक टप्पा नोंदवणाऱ्या सामायिक व्यवस्थेची, गरज आठ-दहा मागांच्या कारखान्याला बहुधा पडत नाही.

भेटपत्रे वाचणाऱ्या ॲप्सच्या बाबतीत एक घटना मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. २४ नोव्हेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने देशाच्या सुरक्षेच्या कारणावरून ४३ ॲप्सवर बंदी घातली आणि त्या यादीत ‘कॅमकार्ड’ हे भेटपत्र वाचणारे, त्या काळी लोकप्रिय असलेले ॲपही होते. ज्यांनी आपली सारी ओळखपाळख त्या एकाच ठिकाणी ठेवली होती, त्यांच्या व्यवसायाचा सरकारच्या निर्णयाशी सुतराम संबंध नसताना त्यांना नवी व्यवस्था शोधणे भाग पडले. ॲप बंद पडते, कंपनी विकली जाते, फोन चोरीस जातो. म्हणून कोणत्याही ॲपची पहिली परीक्षा ही की, त्यातून सर्व नोंदी ‘व्हीसीएफ’ या सर्वमान्य नमुन्यातील फाइलच्या रूपाने एकगठ्ठा बाहेर काढता येतात की नाही. येत नसतील तर ते ॲप फुकट मिळत असले तरी महाग आहे.

मालकीचा प्रश्न येथे खऱ्या अर्थाने उभा राहतो. वही गादीजवळ राहत असे. फोन खिशातून घरी जातो. वसुलीला हिंडणारा माणूस आपल्या स्वतःच्या सिमवरून गिऱ्हाइकांशी बोलत असेल, तर नोकरी सोडताना तो आपल्याबरोबर पेढीची ओळख घेऊन जातो, आणि यात त्याने काही चोरले असे म्हणताही येत नाही, कारण क्रमांक त्याच्याच नावावर असतो. वडिलांच्या पश्चात त्यांच्या फोनचे कुलूप न उघडल्याने येणे कोणाकडे आहे हेच न कळणे, हा तर त्याहून अवघड प्रसंग. शिवाय बंद झालेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकास दिला जाऊ शकतो. तेव्हा जुन्या यादीवर विसंबून पाठवलेला भाव भलत्याच माणसाच्या हाती पडतो.

नोंदीत काय असावे, याचे उत्तर धंद्याच्या वहिवाटीत आहे. परगावच्या गिऱ्हाइकाच्या नोंदीत त्याचा कर क्रमांक, माल कोणत्या ट्रान्सपोर्टने आणि कोणत्या नाक्यावर उतरवायचा, बिल्टी, म्हणजे माल वाहतुकीस दिल्याची पावती, कोणाच्या नावे करायची, दलाल कोण, शेवटचा भाव कोणत्या वजनाच्या चादरीचा ठरला आणि उधारी किती दिवसांची, एवढे असले की पेढीवरचा कोणीही माणूस ते गिऱ्हाईक सांभाळू शकतो. यातील शेवटची बाब आता केवळ शिष्टाचाराची राहिलेली नाही. सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार नसल्यास १५ आणि असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा सांगतो. आणि आयकर कायद्यात नंतर झालेल्या दुरुस्तीने आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून या मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला ज्या वर्षी ती प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवता येते. नोंदणीकृत यंत्रमागधारकाच्या दृष्टीने हे हत्यार आहे, पण माल कधी स्वीकारला गेला आणि मुदत काय ठरली हे लिहिलेले नसेल तर ते बोथट ठरते. अर्थात, जुन्या गिऱ्हाइकावर हे हत्यार उगारण्याची सोलापुरी कारखानदाराची तयारी नसते, आणि त्याच्या संकोचाला धंद्याच्या दृष्टीने अर्थही आहे.

दुसऱ्याची माहिती आपल्याकडे असणे ही जबाबदारीही आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून घरगुती वापरासाठी ठेवलेली माहिती वगळलेली आहे, व्यापारासाठी ठेवलेली नाही. टॉवेलचा भाव विचारण्यासाठी ज्याने आपला क्रमांक दिला, त्याने तो कर्ज देणाऱ्या वा जमिनी विकणाऱ्या तिसऱ्या माणसाला पुरवण्यासाठी दिलेला नसतो. एखादे फुकटचे ॲप बसवताना ‘संपर्क पाहू द्यावेत का’ या प्रश्नाला सवयीने होकार देणारा व्यापारी आपल्याबरोबर आपल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वतीने होकार देत असतो, आणि त्या गिऱ्हाइकाला याची वार्ताही नसते.

तेव्हा ज्या पेढ्यांचा व्यवसायाचा क्रमांक अद्याप नोकराच्या, मुलाच्या वा दलालाच्या नावावर असेल, त्यांनी तो प्रथम पेढीच्या नावावर करून घ्यावा, संपर्कयादी पेढीच्या स्वतंत्र ई-मेल खात्यात ठेवावी, तिची प्रत दर तीन महिन्यांनी दुकानातील संगणकावर उतरवून घ्यावी आणि त्या खात्याचा सांकेतिक शब्द घरातील आणखी एका जबाबदार माणसाला सांगून ठेवावा; ॲप कोणते घ्यायचे, हे त्यानंतर सवडीने ठरवले तरी चालेल.