नाचणीचा पहिला तास

शनिवारी रात्री मी पिशवी तीनदा भरली आणि तीनदा रिकामी केली. लसीकरणाचं पुस्तक, पाण्याची बाटली, वाडगा, जुना टॉवेल, डब्यात उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे. सगळं जागच्या जागी होतं, तरी झोप येईना. रविवारी सकाळी नऊ वाजता ठाण्यात, घोडबंदर रोडला, नाचणीचा पहिला क्लास होता. नाचणी म्हणजे अडीच महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू. जुलैतल्या एका धुवाधार रात्रीनंतर डोंबिवली पूर्वेला आमच्या इमारतीच्या मीटरखोलीत सापडलेलं. रंग नाचणीच्या भाकरीचा, म्हणून हे नाव.

मी ५२ वर्षांची आहे. सत्तावीस वर्षं लोकलने ठाण्याला नोकरीला जाते. लेखापरीक्षणाच्या दिवसांतही मला कधी धडधडत नाही. मग एका पिल्लाच्या क्लासची एवढी धास्ती कसली? त्या रात्री मला त्याचं उत्तर सापडलं. ते इथे लिहिते आहे, कारण ही धास्ती माझ्या एकटीची नाही. तिच्यापायी कितीतरी जण क्लासची चौकशी करूनही घरीच बसतात आणि त्याची किंमत मुक्या जिवाला मोजावी लागते.

नाचणी काही शिकणार नाही, ही माझी भीती नव्हतीच. लोक बघतील, ही होती. बाकीच्यांकडे लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, शिह त्झू असतील आणि माझ्या हातात गावठी पिल्लू. कुणीतरी विचारेल, ‘ब्रीड कोणतं?’ ती भर क्लासमध्ये शू करेल, केकाटेल, एखाद्याच्या पोराचं बोट धरेल आणि सगळ्या माना माझ्याकडे वळतील. ‘सांभाळता येत नाही तर पाळलं कशाला?’ हे वाक्य मला कुणीही म्हटलेलं नव्हतं. तरी रात्रभर मी ते ऐकत होते.

खरं तर डोंबिवलीत क्लास ही लाजण्याची गोष्ट नाही. गाण्याचा, तबल्याचा, अबॅकसचा, स्कॉलरशिपचा, दर गल्लीत एक पाटी आहे. बालवाडीच्या पहिल्या दिवशी पोर रडलं तर फाटकाशी उभ्या असलेल्या आया एकमेकींना धीर देतात. ते पोर वाया गेलंय असं कुणाच्या मनात येत नाही. पण कुत्र्याला क्लासला नेते म्हटल्यावर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ‘कुत्र्याला कसली आलीय शाळा? आमच्या गावाला कोण शिकवायचं त्यांना?’ त्या मायेनेच बोलल्या आणि त्यांचा प्रश्नही रास्त आहे. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

सकाळी दोन टॅक्सीवाल्यांनी कुत्रं आहे म्हटल्यावर फेरी रद्द केली. तिसरे म्हणाले, ‘ताई, चादर असेल तर अंथरा आणि बसा.’ शिळफाट्यावरून मुंब्रा बायपासने आम्ही पोहोचलो तेव्हा मैदानाच्या कुंपणाआड सात पिल्लं होती. नाचणीला खाली ठेवलं. तिने शेपूट पोटाखाली घातली आणि मोठी जांभई दिली. मग आणखी एक. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, आल्या आल्या कंटाळली, आता काय म्हणतील सगळे!

ट्रेनर मुलगी पंचविशीतली असेल. ती समोर आली नाही, हातही पुढे केला नाही. आमच्याकडे पाठ अर्धी वळवून गवतात बसली आणि म्हणाली, ‘काकू, ही कंटाळली नाहीये, घाबरलीये. झोप आलेली नसताना जांभई देणं, सारखं नाक चाटणं, अंग कोरडं असताना झटकणं, मान फिरवणं... हे त्यांचं बोलणं असतं. आपण जरा लांब जाऊ.’ आम्ही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बदामाच्या झाडाखाली गेलो. ‘आता पट्टा सैल सोडा. तुमच्या मुठीतून तिला सगळं कळतंय.’

मी हाताकडे पाहिलं. पट्ट्याचे दोन वेढे तळव्याभोवती होते आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. वेढे सोडवले. चिकनचा तुकडा पुढे धरला तर नाचणीने तोंड फिरवलं. जास्त घाबरलेलं पिल्लू आवडीचा खाऊसुद्धा घेत नाही, हे मला तेव्हा कळलं. बारा-पंधरा मिनिटं आम्ही नुसत्या बसून होतो. मग तिचे कान पुढे आले, शेपूट पोटाखालून सुटली आणि तिने जमिनीवरचा तुकडा उचलला. ‘झालं, आजचा तुमचा धडा एवढाच,’ ट्रेनर म्हणाली. बाकीची पिल्लं बसायला शिकत होती आणि माझ्या पिल्लाने फक्त एक तुकडा खाल्ला होता. पण मी मात्र त्या तासात बरंच काही शिकले होते.

माणसाची घालमेल कुत्र्यापर्यंत पोहोचते, हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही. स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी ५८ कुत्र्यांच्या आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांमधलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. २०१९मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की दोघांच्या ताणाची पातळी दीर्घकाळ एकमेकांशी जुळलेली दिसते. पोलिसांच्या श्वानपथकातही कुत्रा एकटा शिकत नाही, त्याचा हँडलर सोबत शिकतो. १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईकरांच्या मनात कायमची जागा मिळवलेल्या ‘जंजीर’ या पोलीस कुत्र्याचं कौतुक आपण करतो, पण पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाचा माणूसही तयार व्हावा लागतो, हे विसरतो. क्लास पिल्लाचा म्हणतात, पण खरा विद्यार्थी पट्टा धरणारा असतो. तोच आपल्या लाजेपायी आला नाही, तर पिल्लाला कोण आणणार?

आणि ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणायला पिल्लाकडे वेळ नसतो. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत त्याचं मन जगाला ‘हे आपलंच आहे’ म्हणून स्वीकारत असतं. अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या प्रयोगात काही पिल्लं मोठ्या कुंपणाच्या आत, माणसाच्या सहवासाशिवाय वाढवली होती. १९६१मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, चौदा आठवडे माणूस न भेटलेली पिल्लं पुढे माणसापासून रानटी जनावरासारखी पळत राहिली. प्रयोग निष्ठुर होता, पण त्याने शिकवलेलं विसरून चालणार नाही.

आपल्याकडे नेमका घोळ इथेच होतो. पिल्लाला सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली लस मिळते, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस. ‘सगळे डोस होईपर्यंत खाली उतरवू नका,’ असं सांगितलं जातं. पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांची भीती खरी आहे. पावसाळ्यात तर गल्लीतल्या साचलेल्या पाण्यात पिल्लाला सोडूच नये. पण डोस संपतात तेव्हा पिल्लू चार महिन्यांचं झालेलं असतं आणि जगाला स्वीकारणारं त्याच्या मनाचं दार जवळजवळ लागलेलं असतं. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने २००८मध्येच यातला मध्यम मार्ग सांगितला. पहिल्या डोसानंतर किमान सात दिवस गेले, जागा स्वच्छ असली आणि येणारी पिल्लं लस घेतलेली असली, की सात-आठ आठवड्यांपासून क्लास सुरू करावा. नाचणीच्या दुसऱ्या डोसाला दहा दिवस झाले होते. त्याआधी मी तिला कडेवर घेऊन फडके रोडला उभी राहायचे. बसचे हॉर्न, भाजीवाल्यांच्या हाळ्या, गणपती मंदिराची घंटा, काठी टेकत जाणारे आजोबा. पाय जमिनीला न लावता जग दाखवता येतं आणि त्याला खर्च शून्य.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येते. गावाला कुणी शिकवत नव्हतं हे खरं. पण गावाला अंगण होतं. पाहुणा आला की कुत्रं चार पावलं मागे सरायचं आणि नको असेल तर उठून जायचं. आमच्या इमारतीचा जिना जेमतेम साडेतीन फुटांचा आहे. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना तरुणपणी कुत्रं चावलं होतं. नाचणीची चाहूल लागली की ते कठड्याला पाठ लावून उभे राहतात, ओठ घट्ट मिटून. अशा वेळी ते मागे सरू शकत नाहीत आणि नाचणीही नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय की सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. तो कागद माझ्या कपाटात आहे. पण आजोबांना तो दाखवून त्यांची भीती जाणार आहे का? नाचणी लँडिंगवर शांत बसून राहिली आणि ते सुखरूप खाली उतरले, तरच ती थोडी थोडी ओसरेल. नियमाने लिफ्ट मिळेल, शेजार मात्र आपण आपल्या वागण्यानेच मिळवायचा असतो.

बसायला शिकवतानाही धडा घरच्यांनाच मिळाला. मी ‘बस’ म्हणायचे, मुलगी पुण्याहून आली की ‘सिट’, कामाच्या मावशी ‘बैठ’. शिवाय जेवताना वाढणाऱ्याला ‘बस, बस’ म्हणायची आमची जन्माची सवय. पिल्लाने काय अर्थ लावायचा? ट्रेनरने घरातल्या सगळ्यांसाठी एकच शब्द ठरवायला लावला आणि तळवा वर उचलण्याची खूण जोडायला सांगितली. चार दिवसांत फरक पडला.

एक मात्र कळकळीने सांगते. क्लास निवडण्याआधी पिल्लू न नेता एकदा नुसता बघून या. काठी, गळा आवळणारी साखळी, हिसके, आरडाओरडा दिसला तर तिथूनच परत फिरा, मग फी कितीही कमी असो. त्याच अमेरिकी संघटनेने २०२१मध्ये पुन्हा सांगितलं की बक्षीस देऊन शिकवण्याचीच पद्धत वापरावी. मार खाऊन गप्प बसलेल्या कुत्र्याचं फक्त गुरगुरणं थांबलेलं असतं. भीती आत तशीच राहते आणि एक दिवस सूचना न देता चावते.

आणि हो, ‘ब्रीड कोणतं?’ हा प्रश्न आला. गोल्डन रिट्रीव्हरवाल्या गृहस्थांनीच विचारला. मी ‘गावठी’ म्हटलं. ते म्हणाले, ‘किती शांत बसलीय! आमचा बघा, रात्रभर याच काळजीने मला झोप नव्हती.’ त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. मी आजूबाजूला पाहिलं. प्रत्येकाची नजर स्वतःच्या पिल्लावर खिळलेली होती. माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. गावठी कुत्र्याच्या बुद्धीविषयी शंका असेल त्यांनी हेही लक्षात घ्यावं, की उत्तराखंड पोलिसांनी २०१९मध्ये ‘ठेंगा’ नावाचं रस्त्यावरचं कुत्रं शिकवून श्वानपथकात घेतलं होतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पहिली लस देताना डॉक्टरांनी क्लासचा विषय आपणहून काढावा, मालकाने विचारण्याची वाट पाहू नये. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी आपल्या एखाद्या मैदानाचा किंवा उद्यानाचा कुंपण घातलेला कोपरा आठवड्यातून एक तास लस घेतलेल्या पिल्लांसाठी राखावा, आणि सोबत जाणकार ट्रेनर द्यावा. रस्त्यावरचं पिल्लू उचलून घरी आणणाऱ्याला हा तास मोफत असावा, कारण त्याने शहराचं एक काम आपल्या अंगावर घेतलेलं असतं. कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्या घराघरांत सांगितले जातात. ती माया आपल्याकडे आहेच. तिच्या जोडीला थोडी शिस्त हवी, आणि ती आधी माणसांनी शिकायला हवी.

नाचणीचे चार क्लास झालेत. गणपतीच्या ढोल-ताशांच्या आधी मी रोज मोबाइलवर ढोल अगदी बारीक आवाजात लावून तिला खाऊ देत होते, आवाज थोडा थोडा वाढवत. मिरवणुकीच्या दिवशी ती पलंगाखाली गेली, पण थोड्या वेळाने स्वतःहून बाहेर आली.

येत्या रविवारी आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेत शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ आहेत. तिथे मी हात वर करणार आहे आणि पार्किंगमागची मोकळी जागा रविवारी सकाळी तासभर परिसरातल्या पिल्लांच्या क्लाससाठी मागणार आहे. फक्त आमच्याच नव्हे, शेजारच्या सोसायट्यांतल्याही. सेक्रेटरी काय म्हणतील, आजोबा काय म्हणतील, याची उजळणी आत्तापासून मनात चालू आहे आणि पोटात तोच शनिवार रात्रीचा गोळा आहे. या वेळी पिशवी मात्र एकदाच भरेन. तो २०१५चा कागद घरीच ठेवेन आणि सैल पट्ट्यावर नाचणीला सोबत नेईन.