डब्यात काय आहे, हे सरकारने बघावं का?

गेल्या आठवड्यात नववीच्या वर्गात मी मुलांना विचारलं, "सरकारने काय करावं आणि काय करू नये?" रस्ते, नळाला पाणी, वेळेवर एसटी अशी यादी सुरू झाली. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "टीचर, जे जे हराम आहे ते सगळं सरकारने बंद करावं." लगेच एक मुलगी उठली, "आणि आमच्या डब्यात काय आहे, ते बघू नये." वर्ग हसला. मी मात्र दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली. ही दोन्ही वाक्यं आपल्या घरात रोज बोलली जातात आणि ती एकमेकांशी भांडतात, हे आपल्या लक्षातच येत नाही.

2014 मध्ये भाजपने घोषणा दिली होती, 'मिनिमम गव्हर्नमेंट, मॅक्झिमम गव्हर्नन्स'. म्हणजे सरकार लहान, कारभार चोख. उद्योगांच्या बाबतीत परवाने कमी, तपासणी कमी, असं बोललं गेलं. पण मार्च 2015 मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा आला. 1976 च्या कायद्यात गायीच्या कत्तलीला बंदी होतीच. 1995 मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या दुरुस्तीला वीस वर्षांनी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि बैल, वळूही बंदीत आले. कुरेशी बिरादरीच्या रोजगारावर घाव बसला, म्हातारा बैल विकता न आल्याने शेतकरीही अडकला. शिवाय दुसऱ्या राज्यातून आणलेलं असं मांस नुसतं घरात ठेवणं हाही गुन्हा ठरला. आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारीही आरोपीवर टाकली. कारखान्याच्या दारातून मागे सरकणारं सरकार स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभं राहिलं.

6 मे 2016 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने यावर निकाल दिला. कत्तलीवरची बंदी कायम ठेवली. पण बाहेरच्या राज्यातलं मांस बाळगण्याचा गुन्हा आणि पुराव्याचा बोजा आरोपीवर टाकणारं कलम, ही दोन्ही रद्द केली. यामागे खासगीपणाचा मुद्दा महत्त्वाचा होता. पुढे 24 ऑगस्ट 2017 रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आपलं खाणं बरोबर आहे, असं न्यायालय म्हणालं नाही. उंबरठ्याच्या आत सरकारचं काम नाही, एवढंच म्हणालं. म्हणजे आपल्याला आधार मिळाला तो सरकारच्या मर्यादेचा. आपली नैतिकता सरकारला पटली म्हणून नव्हे.

हा पेच एकट्या भारताचा नाही. अमेरिकेत रिपब्लिकन पक्ष कायम म्हणत आला, की सरकार लहान हवं, कर कमी हवेत. 1964 चे त्यांचे अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर याच विचाराचे. पण 1979 मध्ये पाद्री जेरी फॉलवेल यांनी 'मॉरल मेजॉरिटी' ही संघटना काढली आणि चर्चची नैतिकता कायद्यात आणण्याचा आग्रह त्याच पक्षात वाढला. 1981 मध्ये सिनेटमध्ये गोल्डवॉटर यांनीच या धार्मिक दबावाला उघड विरोध केला. जून 2022 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा देशव्यापी हक्क काढून घेतला. त्यानंतर ऑगस्टमध्ये कॅन्सस राज्यात मतदान झालं. 1968 पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवाराला निवडणारं हे राज्य. तरी सुमारे 59 टक्के मतदारांनी राज्यघटनेतलं गर्भपाताचं संरक्षण काढायला नकार दिला. त्यातल्या सगळ्यांना गर्भपात योग्य वाटत असेल, असं मुळीच नाही. गर्भपात चूक मानणं वेगळं आणि त्याचा निर्णय सरकारच्या हाती देणं वेगळं.

आता आपल्याकडे पाहू. उत्तराखंडने 2024 मध्ये समान नागरी कायदा मंजूर केला. त्यात लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांना नोंदणीची सक्ती आली. मूळ कायद्यात महिन्याभरात नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद होती. 'लिव्ह-इन' आपल्या दीनमध्ये हराम आहे, त्यामुळे आपल्यातलेही काही जण म्हणाले, "हे एक कलम तरी चांगलं आहे." पण त्याच कायद्याने निकाह, तलाक, इद्दत, वारसा यांतही हात घातला. घराचं दार दुसऱ्यासाठी उघडलं, की आपल्यासाठीही उघडतं. शेजाऱ्याच्या घरात पोलीस शिरले तेव्हा टाळ्या वाजवल्या, तर आपली कडी वाजेल तेव्हा कोणत्या तोंडाने नको म्हणणार?

मग सरकारने काहीच करू नये का? असं नाही. दारूपायी बायको मार खात असेल, मुलांची फी बुडत असेल, तर तिथे दुसऱ्याचं नुकसान आहे आणि सरकारने मध्ये पडलंच पाहिजे. महाराष्ट्रात बायका मतदान करून 'आडवी बाटली' निवडतात आणि गावातलं दुकान बंद पाडतात. तो धंद्यावरचा निर्बंध आहे, कुणाच्या कपाटाची झडती नव्हे. पण ज्यात दुसऱ्या कुणाचं नुकसान नाही, ते पाप बंदा आणि अल्लाह यांच्यातलं. पोलिसांच्या भीतीने ठेवलेला रोजा हा रोजा नसतो, त्याला नियत लागते, हे मकतबमधल्या लहान मुलालाही माहीत असतं. मुलांना हराम-हलाल शिकवणं हे आई-वडिलांचं, उस्तादांचं, मस्जिदीचं काम. ते आपण हवालदारावर सोपवलं, तर उद्या हवालदार स्वतःची यादी घेऊन येईल.

तास संपल्यावर तो मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "टीचर, मग माझं वाक्य पुसू का?" मी म्हटलं, "पुसू नकोस बेटा. हराम ते टाळायलाच हवं. फक्त 'सरकारने' या शब्दाच्या जागी 'मी' लिही."