पेंढ्यातील इंधन आणि बुरशीची विद्या

मानपाडा या नावाच्या दोन वस्त्या ठाणे जिल्ह्यात आहेत. एक ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. दुसरी डोंबिवलीच्या पूर्वेस, औद्योगिक वसाहतीच्या शेजारी. या दोहोंपैकी कोठेही आज जो कोणी दुचाकीत एक लिटर पेट्रोल भरून घेतो, त्याच्या टाकीत जवळपास २०० मिलिलिटर इथेनॉल जाते. पाच टक्के मिश्रणाचे पहिले प्रयोग २००१ मध्ये झाले, त्यांतील दोन आपल्याच राज्यात, मिरज व मनमाड येथे. वीस टक्क्यांचे उद्दिष्ट आरंभी २०३० साठी ठरले होते. ते २०२५ मध्येच गाठले गेले. खनिज तेलाच्या आयातीवर अतोनात परकीय चलन खर्ची घालणाऱ्या देशाला याचे समाधान वाटले तर ते स्वाभाविकच आहे. गाडी पूर्वीइतके अंतर कापत नाही, ही वाहनधारकांची तक्रारही निराधार नव्हे. लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. परंतु त्याहून मोठा प्रश्न वेगळाच आहे. हे इथेनॉल येते कशातून?

ते मुख्यतः उसातून, मक्यातून आणि तांदळातून येते. म्हणजे माणसाच्या किंवा जनावरांच्या ताटातून येते. २०२३ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकात पावसाने ओढ दिली, तेव्हा साखरेच्या चिंतेने केंद्र सरकारने डिसेंबरमध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. मग ती सैल केली आणि पुढच्या वर्षी उठवली. ज्या इंधनाचे भवितव्य एका पावसाळ्यावर टांगलेले असते, त्याला स्वावलंबनाचे साधन म्हणताना थोडे थांबावेसे वाटते. शिवाय उसाला पाणी लागते, आणि मराठवाड्यातील वाचकाला पाण्याची किंमत सांगण्याची आवश्यकता नाही.

या पेचातून निघण्याचा एक मार्ग शास्त्रज्ञ गेली पन्नास वर्षे दाखवीत आले आहेत. धान्य खाऊन झाल्यावर जे उरते, तो पेंढा, उसाचे चिपाड व पाचट, कपाशीच्या पऱ्हाट्या, यांच्यापासून इथेनॉल करावे. कल्पना अशक्य कोटीतील नाही. भातातील पिष्ट आणि पेंढ्यातील सेल्युलोज हे दोन्ही ग्लुकोज या एकाच शर्करेच्या कणांचे बनलेले असतात. भेद आहे तो केवळ कण एकमेकांना जोडण्याच्या रीतीत. पिष्टाची साखळी आपल्या तोंडातील लाळदेखील तोडू शकते. सेल्युलोजच्या साखळ्या मात्र एकमेकींस घट्ट बिलगून राहतात, त्यांच्याभोवती हेमिसेल्युलोजचे वेष्टण असते आणि वर लिग्निन या काष्ठमय द्रव्याचा लेप. म्हणूनच झाड वर्षानुवर्षे उभे राहते आणि भाकरी दोन दिवसांत आंबते.

हे कुलूप उघडण्याची विद्या निसर्गात एका क्षुद्र जीवसृष्टीला अवगत आहे. येऊरच्या जंगलात दर वर्षी पडणारा पालापाचोळा आणि मोडलेली खोडे कोठे जातात? बुरशी आणि जिवाणू आपल्या शरीरातून काही प्रथिने बाहेर सोडतात. त्यांना आपण एन्झाइम म्हणतो. मराठी परिभाषेत विकर. सेल्युलोजवर काम करणारी विकरे तीन प्रकारची असतात: एक साखळीला मध्येच छेद देते, दुसरे टोकाकडून दोन-दोन कणांचे तुकडे सोडवते आणि तिसरे त्या जोडीचे ग्लुकोजमध्ये विभाजन करते. यांच्या साहाय्यास येणारी, सेल्युलोजच्या घट्ट पृष्ठभागाला तडे पाडणारी आणखी एक जात असल्याचे २०१० मध्ये उघडकीस आले. कुजणे या शब्दाला आपल्या व्यवहारात हीन अर्थ आहे; वस्तुतः ती अत्यंत कुशल कारागिरी आहे.

माणसाला तिचा परिचय झाला तो युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन द्वीपसमूहात अमेरिकन सैन्याचे सुती तंबू व कपडे भराभर कुजू लागले. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. त्या कुजक्या कापडावरून मिळविलेल्या बुरशीचा अभ्यास नॅटिक येथील लष्करी प्रयोगशाळेत एल्विन रीझ आणि मेरी मँडेल्स यांनी केला. आरंभी हेतू होता कुजणे थांबवण्याचा. १९७३ च्या तेलसंकटानंतर हेतू उलटला आणि कुजवून साखर कशी मिळेल, याचा शोध सुरू झाला. त्या बुरशीला पुढे रीझ यांच्याच सन्मानार्थ ट्रायकोडर्मा रीझिआय असे नाव मिळाले. आज जगातील सेल्युलेजच्या उद्योगात तिच्या वंशजांना मानाचे स्थान आहे.

महाराष्ट्र या विद्येला पारखा नव्हता, हे आवर्जून सांगितले पाहिजे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९७० व १९८० च्या दशकांत पेनिसिलियमसारख्या बुरश्यांच्या सेल्युलेजवर दर्जेदार संशोधन झाले. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत २००८ मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने ऊर्जा-जैवविज्ञान केंद्र स्थापन झाले, तेथे प्रा. अरविंद लाली व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या पद्धतीवर उत्तराखंडातील काशीपूर येथे दररोज १० टन काडीकचरा पचवणारा प्रायोगिक कारखाना २०१६ मध्ये उभा राहिला. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने दौंडजवळ २०१७ मध्ये असाच प्रकल्प उभारला, आणि तिच्याच तंत्रावर इंडियन ऑइलचा पानिपतचा कारखाना ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आला.

येथवरची कथा अभिमानाची आहे. आता हिशेबाकडे वळू. पानिपतच्या कारखान्यासाठी ९०० कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. वर्षाला २ लाख टन भाताचा पेंढा घेऊन ३ कोटी लिटर इथेनॉल देणे, ही त्याची घोषित क्षमता. वीस टक्के मिश्रणासाठी देशाला वर्षाकाठी १,०१६ कोटी लिटर इथेनॉल लागेल, असा निती आयोगाचा २०२१ चा अंदाज होता. म्हणजे हा कारखाना पूर्ण क्षमतेने चालला तरी हजारातील तीन भाग त्याच्या वाट्याचे. परदेशांचा अनुभव तर अधिकच सावध करणारा आहे. इटलीतील क्रेसेंतिनोचा कारखाना २०१३ मध्ये वाजतगाजत सुरू झाला आणि २०१७ मध्ये बंद पडला. ड्युपाँटने अमेरिकेत आयोवा राज्यात २०१५ मध्ये काढलेला कारखाना दोन वर्षांतच गुंडाळला. क्लॅरियंटने रुमानियातील आपला कारखाना बंद करण्याचे २०२३ मध्ये जाहीर केले.

असे का व्हावे? निसर्गाला घाई नसते. खोड कुजायला त्याला दहा वर्षे लागली तरी चालतात. कारखान्याला तेच काम दोन-तीन दिवसांत उरकावे लागते. त्यासाठी काडी आधी वाफेने व आम्लाने मऊ करावी लागते, आणि पिष्टासाठी लागतात त्यापेक्षा कितीतरी पटीने अधिक विकरे ओतावी लागतात. साखर जसजशी साचते तसतशी ती विकरांचाच वेग मंदावते. हेमिसेल्युलोजपासून मिळणारी झायलोज ही शर्करा साध्या यीस्टला आंबवता येत नाही. म्हणजे प्रश्न येऊन थांबतो तो विकरांच्या गुणवत्तेवर आणि किमतीवर. आणि औद्योगिक विकरांचा जागतिक बाजार मोजक्या परदेशी कंपन्यांच्या हाती आहे. तेलाचे पारतंत्र्य टाळून विकरांचे पारतंत्र्य पत्करायचे असेल, तर त्याला स्वावलंबन हे नाव देता येणार नाही.

दुसरी बाजू शेतकऱ्याची. देशात वर्षाला निघणाऱ्या सुमारे ७५ कोटी टन शेतावशेषांपैकी २३ कोटी टन 'अतिरिक्त' आहेत, असे सरकारी अंदाज सांगतो. पंजाबात पेंढा जाळला जातो, म्हणून तो तेथे अतिरिक्त ठरत असेल. परंतु ज्वारीचा कडबा हे आपल्याकडे जनावराचे अन्न आहे, कोकणातला पेंढा गोठ्यात जातो, आणि शेतात राहिलेले पाचट मातीला सेंद्रिय अंश परत करते. अतिरिक्त काय, हे दिल्लीच्या कचेरीत नव्हे तर बांधावर ठरले पाहिजे. फडात पेटवलेले पाचट आणि बांधावर जाळलेल्या पऱ्हाट्या यांना योग्य भाव मिळावा. कडब्यावर मात्र कारखान्याची दृष्टी पडू नये.

तेव्हा करावे काय? पहिली गोष्ट, केवळ मिश्रणाच्या टक्केवारीवर समाधान मानणे सोडावे, आणि त्यातील किती इथेनॉल अन्नातून व किती अवशेषांतून आले, हे सरकारने दर वर्षी स्वतंत्रपणे प्रसिद्ध करावे. क्षमता नव्हे, प्रत्यक्ष उत्पादन. दुसरी, अवशेषांपासून केलेल्या इथेनॉलला वेगळा आणि दीर्घ मुदतीचा खरेदीदर हमीने द्यावा; अन्यथा मळी आणि मका यांच्या स्पर्धेत ते टिकणार नाही. तिसरी आणि सर्वांत निकडीची, विकरांच्या संशोधनाला सार्वजनिक पैसा सलगपणे द्यावा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे; सह्याद्रीच्या रानांत याहून किती जाती अज्ञात पडल्या असतील, याची मोजदाद नाही. तीन वर्षांचे अनुदान संपले की संशोधक विद्यार्थ्याने नोकरी शोधावी आणि बुरशी शीतकपाटात राहावी, या रीतीने ही विद्या हाती येणार नाही.

डोंबिवली-कल्याणहून दररोज लोकलने मुंबईच्या महाविद्यालयांत जाणाऱ्या विद्यार्थ्यांत रसायन आणि जीवशास्त्र शिकणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढे सूक्ष्मजीवशास्त्र म्हणजे रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेतील नोकरी, एवढेच चित्र राहू नये. देशाच्या इंधनाचा प्रश्न त्यांच्या विषयाच्या कक्षेत येतो, हे शिक्षकांनी त्यांना सांगावे, आणि ते शिकलेले काम त्यांना येथेच करता येईल, याची तजवीज शासनाने करावी.