परदेशात इंतकाल झाला, तर घरच्यांना खबर कोणी द्यायची?

डहाणू तालुक्यातल्या एका मच्छीमाराचा १७ मार्च २०२४ रोजी कराचीत कैदेत असताना मृत्यू झाला. त्याचं पार्थिव गावी पोहोचलं १ मे रोजी. पत्रकार जतीन देसाई यांच्यासारख्यांनी पाठपुरावा केला, म्हणून या प्रकरणाची चर्चा तरी झाली. २००८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. मृत्यू मात्र यादीची तारीख पाहून येत नाही.

आखाताची गोष्ट वेगळी, पण फार वेगळी नाही. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधल्या मंगाफच्या आगीत ४५ भारतीय कामगार गेले. त्यांचे मृतदेह घेऊन हवाई दलाचं विमान दोनच दिवसांत कोचीला उतरलं. एवढी मोठी घटना असली की सरकार हलतं. एकटा माणूस खोलीत झोपेतच गेला, तर कागद कंपनी, पोलीस, रुग्णालय आणि दूतावास असे फिरत राहतात. तोवर खोलीतल्या सोबत्याचा फोन गावात कुणाला तरी आलेला असतो.

खरी गडबड इथेच होते. फोन घेणारा बहुधा लांबचा नातेवाईक असतो. तो भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आणि 'इन्ना लिल्लाहि' टाकतो. माकुणसारला मयताच्या बायकोला अजून काही कळलेलं नसतं आणि बोईसरच्या चुलत भावाकडे सांत्वनाचे फोन सुरू झालेले असतात. आमच्या मते ही बेअदबीच आहे, हेतू कितीही चांगला असो.

मौताच्या युद्धात हजरत जाफर (रजि.) शहीद झाले, तेव्हा पैगंबर (स.) स्वतः त्यांच्या घरी गेले होते आणि त्या घरासाठी जेवण तयार करा, असं त्यांनी इतरांना सांगितलं होतं. हबशाच्या नजाशीच्या निधनाची खबरही त्यांनी स्वतःच सहाबांना दिली आणि दुरूनच जनाजाची नमाज पढवली. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आहेत; गायबाना नमाज त्यांच्याकडे चालते, हनफींकडे चालत नाही. बोईसर-तारापूरला बाहेरून आलेली हनफी कुटुंबंही आहेत. त्यावरून मशिदीत वाद घालण्याची ही वेळ नव्हे.

खबर उशिरा मिळण्याचा परिणाम शरियतच्या हिशोबातही होतो. पत्नीची इद्दत, चार महिने दहा दिवस, मृत्यूच्या दिवसापासून मोजली जाते, खबर मिळाल्या दिवसापासून नव्हे. (गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत.) म्हणून इंतकालाची नेमकी तारीख आधी पक्की करून घ्या. "गेल्या आठवड्यात कधीतरी" एवढ्यावर थांबू नका.

मग कागद. मय्यत गावी आणायची की तिथेच दफन करायची, याची लेखी संमती दूतावास जवळच्या वारसाकडून मागतो. चुलत्याने किंवा मेहुण्याने घाईत ती सही करू नये. पुढे पगाराची बाकी, हिशोबाची रक्कम निघते तेव्हा याच सहीवरून घरात भांडणं लागतात. लांबच्या नातेवाइकाचं काम दुसरं आहे: परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नोंद करणं, तहसीलला चकरा मारणं, अरबी कागदाचं भाषांतर करून घेणं. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत नोकरी केलेल्या माणसाला ऑफिसची भाषा येते. मयताच्या म्हाताऱ्या अब्बांना ती येईलच असं नाही.

इमिग्रेशन तपासणी लागणाऱ्या पासपोर्टवर गेलेल्या कामगाराला प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. अपघाती मृत्यूला १० लाख रुपये मिळतात. हृदयविकाराने गेल्यास ही रक्कम मिळेल असं गृहीत धरून कुणी कर्ज काढू नये. आणि पॉलिसीत नॉमिनी कोण आहे, हे किती घरांत माहीत असतं? अनेकदा पॉलिसी एजंटकडेच पडून असते, पासपोर्टची झेरॉक्सही.

ईदला सुट्टीवर आलेल्या माणसाकडून या दोन्हींची प्रत मागून घ्या, सोबत त्याच्या खोलीतल्या दोघांचे नंबर. आणि खबर आधी घरात कुणाच्या कानावर घालायची, हेही त्यालाच विचारा. विचारायला जड जातं, मान्य आहे. पण आईला रक्तदाबाचा त्रास आहे, मोठा भाऊ घर सांभाळतो की धाकटा, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं.