खासऱ्यापासून मॉर्गेजपर्यंत

मराठवाड्यातल्या अंबड, भोकरदन किंवा परतूरच्या न्यायालयात जमिनीचा जुना दावा चालवायचा तर कलमांच्या आधी भाषा लागते. इनाम जमिनीचा वाद असो की वाटणीचा, तळाशी निजाम राजवटीतला उर्दू कागद निघतो. त्यावरचे साल फसली. त्यात साधारण 590 मिळवले की इसवी सन हाती येते. हैदराबादचा जमीन महसूल कायदा 1317 फसलीचा, म्हणजे 1907-08चा. 1954-55चे खासरा पत्रक, म्हणजे शेतजमिनीचे नोंदपत्रक, तर आजही पुराव्यात दाखल होते.

सप्टेंबर 1948मध्ये निजाम राजवट संपली आणि त्यानंतर उर्दूचा अंमलही. दावा, फिर्याद, वकील, तहकूब हे शब्द मराठीत आधीच मुरले होते, ते राहिले. 1998पासून जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. पक्षकाराच्या तोंडी मात्र 'स्टे' आणि 'बेल'. बांधाच्या वादात मिळालेल्या तात्पुरत्या मनाई हुकुमालाही तो 'स्टे'च म्हणतो. मनाई प्रतिवादीला असते, स्थगिती कामकाजाला किंवा आदेशाला. हा फरक त्याला सांगितला नाही, तर हुकूम मोडला जातो तेव्हा दाद कुठे व कशी मागायची हेच त्याला कळत नाही.

खुद्द इंग्रजांनाही कायद्याचे शब्द उसनेच मिळाले. इंग्लंडमधल्या न्यायालयांचे दप्तर 1733पर्यंत लॅटिनमध्ये होते. 'मॉर्गेज', म्हणजे गहाण, हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. अर्थ 'मृत तारण'. सतराव्या शतकात इंग्रज न्यायाधीश एडवर्ड कोकने त्याची फोड केली: कर्ज फिटले नाही तर जमीन ऋणकोला मेली, फिटले तर धनकोचा हक्क मेला. बाराव्या शतकातल्या ग्लानव्हिलच्या नावावरील कायदेग्रंथात मात्र वेगळी व्याख्या आहे: ज्या तारणाचे उत्पन्न मुद्दलातून वजा होत नाही, ते मृत. आपल्या ताबेगहाणातला प्रश्न नेमका हाच आहे. पीक धनकोने खाल्ले, ते व्याजापोटी की मुद्दलापोटी? दस्तात ते स्पष्ट लिहा.

याहून मोठा धोका खरेदीखताचा. शेतकरी सही करतो खरेदीखतावर आणि मनात धरतो गहाण. 'पैसे दिले की जमीन परत' हा बोल तोंडी राहतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 58(क)ला 1929मध्ये जोडलेले परंतुक सांगते, की परतीची अट त्याच दस्तात नसेल तर तो व्यवहार गहाण मानला जाणार नाही. शब्द चुकला की जमीन गेली.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. वकील संघांनी कनिष्ठ वकिलांसाठी उर्दू लिपी आणि फसली सालाचे वर्ग घ्यावेत. जुने कागद वाचणारे जाणकार विरळ होत आहेत. आणि दस्तावर सही घेण्याआधी पक्षकाराला विचारावे, 'यात काय लिहिलंय, तुमच्या शब्दांत सांगा.' त्याचे उत्तर मसुद्याशी जुळले नाही, तर मसुदा पुन्हा लिहावा.